मदत हवी आहे: टीबीची औषधं दिली, निघाला लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर). फाइल मिळत नाही

भांडुपकर: आईच्या मानेत गाठ. पाच महिने एकेटी (टीबीची औषधं) चालू, गाठ वाढतच गेली. आता दुसरीकडे लिम्फोमा निघाला. फाइल मागितली तर "डॉक्टर आले की बघू". तक्रार कुठे करायची? जरा लवकर सांगा.

पाटी_पेन्सिल: एकेटी कशावरून सुरू केलं? सुईची तपासणी झाली होती की नुसतं हाताने चाचपून? दवाखाना खाजगी की पालिकेचा? फुकट उपचार असतील तर ग्राहक आयोगात सहसा जाता येत नाही.

भांडुपकर: खाजगी. सुई टाकली होती, रिपोर्ट त्यांच्याकडेच. तक्रारीचं सांगा ना.

चिंचपोकळी_लोकल: आधी कागद. तोंडी मागणं सोडा. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्ट. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांनुसार 72 तासांत कागद द्यावे लागतात. "सगळे पेपर" असं मोघम लिहू नका; केसपेपर, एफएनएसी (सुईच्या तपासणीचा) रिपोर्ट, सोनोग्राफी, एकेक नाव टाका. आणि स्लाइड (गाठीतल्या पेशी लावलेली काच) मागाच! रिपोर्ट म्हणजे एकाचं मत, स्लाइड दुसरा पॅथॉलॉजिस्ट स्वतः बघू शकतो.

वांगणी७: मेडिक्लेम आहे का? नसेल तर आत्ताच काढा…

चिंचपोकळी_लोकल: हे कोणी विचारलं?

क्षयमुक्त: निक्षय आयडी (टीबी पेशंटच्या सरकारी नोंदीचा नंबर) आहे का? टीबीची नोंद खाजगी डॉक्टरांनाही 2012 पासून सक्तीची आहे. जंतू सापडले की नुसत्या लक्षणांवरून निदान केलं, हे तिथे कळतं.

ओपीडी_नंबर_१४: जरा थांबा. खऱ्या टीबीतही औषध सुरू झाल्यावर सुरुवातीला गाठ फुगते. निदान चुकलं म्हणजे हलगर्जीपणा झालाच असं नाही.

चिंचपोकळी_लोकल: सुरुवातीला, मान्य. पण पाच महिने वाढतेय तरी बायोप्सी नाही? खरा मुद्दा हाच. किशन राव प्रकरणात (2010) मलेरियाच्या पेशंटवर टायफॉइडचे उपचार झाले होते. प्रत्येक वेळी तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं.

वांगणी७: सरळ एफआयआर करा!

ओपीडी_नंबर_१४: जेकब मॅथ्यू निकालानंतर (2005) ते इतकं सोपं नाही. पोलिसांनी आधी स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यायचं असतं, आणि चूक घोर ठरावी लागते.

पाटी_पेन्सिल: भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षं, आणि भरलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर शुल्क नाही. परवान्यावर कारवाई हवी असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. तिथे पैसे मिळत नाहीत. दोन्हीकडे जाता येतं. केमो सुरू झाली का पण?

भांडुपकर: सोमवारी. स्लाइड दवाखान्यात नाही म्हणतात.

चिंचपोकळी_लोकल: नसणारच, लॅबकडे असते. जुनं बिल शोधा, लॅबचं नाव त्यावर असेल. नेताना पोच द्या, त्यावर स्लाइडचा नंबर लिहून घ्या.

भांडुपकर: सापडलं. लॅब मुलुंडची आहे. उद्या सकाळी दोन अर्ज, एक दवाखान्यात, एक लॅबमध्ये.