सोसायटीच्या गणपतीत जुन्या रेडिओचा कार्यक्रम बसवतोय, काय काय घालू?

गोरेगावचा_गणू

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी तिसऱ्या दिवशी ऑर्केस्ट्रा असतो आणि दरवर्षी तिसऱ्या गाण्यापासून लोक मोबाईल काढून बसतात. म्हणून यंदा मीटिंगमध्ये सहज बोलून गेलो की मुंबई रेडिओ केंद्राला २०२७ मध्ये शंभर वर्षं होतायत तर आपण रेडिओवर काहीतरी करूया का, आणि बोलणाऱ्याच्याच गळ्यात घंटा या नियमाने कमिटीने लगेच मलाच दीड तास देऊन टाकला. आता निस्तरतोय.

मी काय केलं, बावीस गाण्यांची लिस्ट काढली, मराठी हिंदी मिक्स, सगळी पन्नास ते सत्तरच्या दशकातली. मध्ये मध्ये थोडं निवेदन. काल रात्री जेवताना बाबांना दाखवली (वय ७८, जन्म गिरगावातला). त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचली आणि म्हणाले, "गाणी चांगलीच आहेत रे. पण ही तर सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहेत. यात रेडिओ कुठाय?"

तेव्हापासून डोक्यात तेच आहे. खरंच कुठाय? घरात आजोबांचा मर्फी कंपनीचा रेडिओ आहे, माळ्यावर गोणपाटात बांधलेला, चालू होतो का माहीत नाही. तो स्टेजवर ठेवायचा विचार आहे. पण नुसता ठेवून काय होणार, देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा. ज्यांनी तो काळ बघितलाय त्यांनी प्लीज सांगा, काय घातलं म्हणजे रेडिओ वाटेल? गाण्यांच्या लिस्टा नकोत, त्या माझ्याकडे बक्कळ आहेत.

लालबागची_मावशी

गणू, तुझे बाबा बरोबर बोलले. रेडिओ आम्ही ऐकायला बसायचो असं फार कमी वेळा व्हायचं बघ, तो चालू असायचा आणि आम्ही कामं करायचो. आमच्याकडे भिंतीवरचं घड्याळ होतं पण ते दिवसाला दहा मिनिटं मागे पडायचं, त्यामुळे खरं घड्याळ म्हणजे रेडिओ. सकाळी ती आकाशवाणीची धून वाजली की आई उठलेली असायची आणि नळावर नंबर लागलेला असायचा, मग वंदे मातरम, मग सनई, मग भक्तिगीतं, तोवर वडिलांचा डबा. संस्कृत बातम्या लागल्या म्हणजे सात वाजायला पाच मिनिटं कमी, वेणी घालून झालेली पाहिजे नाहीतर पाठीत धपाटा. संस्कृतातलं एक अक्षर कळायचं नाही पण ऐकू आलं की हात आपोआप भरभर चालायचे.

दुपारी वनिता मंडळ, बायकांचा कार्यक्रम. त्यात सांगितलेल्या पाककृती माझी आई दूधवाल्याच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावरून लिहून घ्यायची, निम्म्या अर्धवट कारण मध्येच कोणीतरी हाक मारायचं. संध्याकाळी कामगार सभा, ती मात्र वडील मुद्दाम ऐकायचे, गिरणीतून आलेला माणूस, पाय बादलीत सोडून बसायचे आणि कोणी बोललेलं चालायचं नाही.

आणि ती प्रपंच नावाची श्रुतिका! नंतर पुन्हा प्रपंच. मीनावहिनी, पंत आणि टेकाडे भावजी. आवाज अनुक्रमे नीलम प्रभू, बाळ कुडतरकर, प्रभाकर जोशी यांचे. नवराबायको भाजीवरून, पाहुण्यांवरून, पगारावरून बोलतायत आणि मध्ये हे भावजी टपकतात, बास एवढंच. पण चाळीत सगळ्यांना वाटायचं ती आपल्याच मजल्यावर राहतात. माझ्या चुलत्यांना अख्ख्या मजल्याने टेकाडे भावजी नाव ठेवलेलं, ते गेले तरी लोक त्याच नावाने आठवण काढतात.

अजून एक सांगते, हे कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. आमच्या मजल्यावर सुरवातीला रेडिओ एकच, १४ नंबरच्या काकूंकडे. दार उघडं ठेवायच्या, आम्ही पोरं उंबऱ्याबाहेर गॅलरीत. कोणाशी भांडण झालं की काकू काही बोलायच्या नाहीत, फक्त आवाज बारीक करायच्या. मग आमच्यातलं कोणीतरी जाऊन आईला सांगायचं की जा बाई मिटवून ये, आज आपली आवड आहे (श्रोत्यांनी पत्राने मागितलेल्या गाण्यांचा कार्यक्रम).

व्हॉल्ववाला_ठाणे

मी फक्त मर्फीबद्दल बोलतो बाकी तुमचं चालू द्या.

गणू, पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, माळ्यावरून काढून थेट प्लगमध्ये घालू नकोस. परत सांगतो, घालू नकोस. व्हॉल्वचा (ट्रान्झिस्टरच्या आधीचा, आत काचेच्या नळ्या असलेला) सेट असेल तर आतले कंडेन्सर एवढ्या वर्षांत सुकलेले असतात, थेट २३० व्होल्ट दिले की धूर निघतो आणि ट्रान्सफॉर्मर गेला तर मग खरंच देव्हाऱ्यात ठेवायची वेळ येते. माझ्या काकांचा सेट एका दुरुस्तीवाल्याने असाच घालवला, "बघूया चालतो का" म्हणत बटण दाबलं आणि दोन मिनिटांत घरभर जळका वास. ६० किंवा १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावून, म्हणजे करंट बल्बमधून जाऊन मग रेडिओत जाईल असा, मग चालू करायचा. बल्ब फुल पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, ताबडतोब बंद. एकदा पेटून मंद झाला तर आशा आहे. स्वतः उघडू नकोस, बंद केल्यावरही आत करंट साठलेला असतो, जाणकार माणूस गाठ.

तुमचा सेट बहुतेक आमच्या गावचाच असणार बरं का. मर्फीचा कारखाना ठाण्यात होता.

दुसरं म्हणजे सेट चालू झाला तरी कार्यक्रमाच्या वेळी त्यावर स्टेशन पकडायच्या भानगडीत पडू नकोस. मिडियम वेव्हवर मुंबई आहे, ५५८ किलोहर्ट्झवर अस्मिता वाहिनी, १०४४ वर दुसरं केंद्र, पण तुमच्या मंडपात एलईडीच्या माळा असणार, त्यांच्या त्या स्वस्तातल्या अ‍ॅडॉप्टरमधून एवढी खरखर येते की निवेदिका बोलतेय का भजी तळतायत कळणार नाही. मी स्वतः या मताचा नाही, मला लाज वाटते सांगायला, पण आत मागच्या बाजूला छोटा ब्लूटूथ स्पीकर ठेव आणि आवाज त्या खोक्यातून येऊ दे. लाकडाच्या खोक्यातून आला की आवाज आपोआप घोगरा आणि ऊबदार होतो.

पण एक गोष्ट चोरू नकोस. व्हॉल्वचा रेडिओ बटण फिरवल्याबरोबर बोलत नाही. आधी टक् असा आवाज, मग डायलच्या मागचा दिवा, मग अर्धा मिनिट काहीच नाही, आत व्हॉल्व तापतायत. मग लांबून कोणीतरी जिना चढून येतंय तसा आवाज मोठा होत येतो. मॅजिक आय (स्टेशन नीट लागलंय का दाखवणारा हिरवा दिवा) असेल तर ती हिरवी पट्टी मिटते. स्टेजवरचे लाईट घालव, फक्त डायल पेटू दे आणि ते अर्धं मिनिट लोकांना वाट बघायला लाव. कमिटीवाले "आवाज येत नाय, आवाज येत नाय" ओरडतील, ओरडू देत.

बॅकबे_बाबू

छान धागा. मी चर्चगेटला नोकरीला होतो, आमदार निवासाच्या बाजूच्या आकाशवाणीच्या इमारतीवरून रोज जायचो, आत मात्र आयुष्यात एकदाच गेलो. थोडा इतिहास देतो, निवेदनात वापर, पण प्लीज सगळा एकदम ओतू नकोस, लोक उठतील.

मुंबई केंद्र सुरू झालं ती तारीख २३ जुलै १९२७. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी, खाजगी, उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन. ट्रान्समीटर दीड किलोवॅटचा, म्हणजे साधारण ५० किलोमीटर, फोर्टातून निघालेला आवाज कल्याणपर्यंत पोचला तर पोचला. हौशी लोकांच्या रेडिओ क्लबने त्याच्याही आधी १९२३ मध्ये मुंबईतून प्रक्षेपण केलेलं, ते लोक विसरतात. कंपनी तीन वर्षांत बुडाली (सेट महाग, रेडिओ ठेवायला लागणारं लायसन्स घेणारे मूठभर), १९३० मध्ये सरकारने ताब्यात घेतली आणि १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं.

मावशी म्हणतात ती सकाळची धून वॉल्टर कॉफमन या माणसाने बांधली. ज्यू होता, हिटलरच्या काळात प्राग सोडून १९३४ मध्ये मुंबईत आला, इथे रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचं काम बघायचा. व्हायोलिन मेहली मेहतांचं, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील. तंबोरा खाली आणि वर शिवरंजनीच्या अंगाने जाणारी ती ओळ. घरदार सुटलेल्या माणसाची धून आणि आपल्याकडे ती वाजली की दूध तापवायला ठेवायचे. मला याचं फार वाटतं, असो.

आता एक सुधारणा. कोणीतरी तुला नक्की सांगणार की गीतरामायण घाल, मुंबई रेडिओची शान वगैरे. गीतरामायण पुणे केंद्राचं. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर, ५६ गीतं, गदिमा आणि सुधीर फडके. घाल अवश्य, पण श्रेय पुण्याला दे, नाहीतर प्रेक्षकांत एक तरी पुणेकर असतोच आणि तो कार्यक्रम संपायची वाट बघणार नाही. मुंबईचं सांगायचं तर संगीतकार यशवंत देवांचा भावगीतांचा कार्यक्रम, भावसरगम, तो सांग. कवी मंगेश पाडगावकर मुंबई आकाशवाणीत नोकरीला होते हे सांग. भावगीत घरोघरी गेलं ते या असल्या पगारी माणसांमुळे, दहा ते पाचच्या.

हिंदी गाण्यांची गंमत वेगळी. केसकर नभोवाणी मंत्री असताना (१९५२ पासून) आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली, मंत्रीसाहेबांना शास्त्रीय संगीताची आवड लावायची होती जनतेला. जनतेने काय केलं, काटा फिरवून श्रीलंकेचं रेडिओ सिलोन लावलं. ३ डिसेंबर १९५२ ला तिथे बिनाका गीतमाला हा हिंदी सिनेगीतांचा कार्यक्रम सुरू झाला, बुधवारी रात्री आठला, आणि मजा म्हणजे त्याचे निवेदक अमीन सयानी बोलायचे मुंबईत, ते रेकॉर्डिंग जायचं कोलंबोला, आणि तिथून शॉर्टवेव्हवर लाटांसारखं वरखाली होत परत आमच्या दादरच्या खोलीत यायचं. स्वतःच्याच शहरातला माणूस आम्ही समुद्रापलीकडून ऐकायचो. शेवटी सरकारने ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढली तेव्हा कुठे गाणी घरी आली.

मालाडची_पोरगी९५

मी या सगळ्यांच्या मानाने फारच नंतरची, माझ्या आठवणीतला रेडिओ म्हणजे बाबांच्या रिक्षातला एफएम, तरी लिहिते. गणूदादा, तुझ्या सोसायटीत माझ्या वयाची आणि लहान पोरं असणार ना, त्यांना "आमच्या काळी" सुरू झालं की ती सटकणार. त्यांना काहीतरी करायला दे.

आपली आवड करा! गणपती बसल्यापासून मांडवात एक खोकं ठेवा आणि खरी पोस्टकार्डं, अजून ५० पैशालाच मिळतात, सोसायटीला शंभर कार्डं म्हणजे पन्नास रुपये. गाणं, नाव, विंग लिहून टाकायचं. मग स्टेजवरून नावं वाचायची लाईनीने, "बी विंगमधून अमुक, तमुक, त्यांची आई, सी विंगमधून सर्व गोखले परिवार" अशी. स्वतःचं नाव माईकवर ऐकायला कोणाला आवडत नाही, आम्ही रील्स तरी कशाला टाकतो.

आणि संस्कृत बातम्या एखाद्या शाळेतल्या मुलाला वाचायला द्या, "इयम् आकाशवाणी, सम्प्रति वार्ताः श्रूयन्ताम्", पण बातम्या सोसायटीच्या. लिफ्ट बंद आहे, टाकी धुणार आहेत, पार्किंगची भांडणं. हे संस्कृतात ऐकायला मी बोरिवलीहून सुद्धा येईन.

लालबागची_मावशी

अगं पोरी किती छान!! आणि गणू, नावं वाचणाऱ्याने घाई करायची नाही. गाण्याआधी गीतकार, संगीतकार, गायक तिघांची नावं, रोज तीच असली तरी. त्यामुळेच आमच्या पाठ झाली, शाळेत कोणी शिकवलं नाही.

गोरेगावचा_गणू

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण माळ्यावर होतो.

बावीसची लिस्ट फाडली. आता नऊच गाणी. दीड तासात एक अख्खा दिवस बसवतोय, पहाटेच्या धुनेपासून रात्रीपर्यंत, प्रत्येक तुकड्याआधी वेळ सांगायची. वनिता मंडळात ए विंगच्या जोशीकाकू पाककृती सांगणार, आणि मावशी, तुमच्या आईसारखी ती मध्येच तुटणार, कोणीतरी हाक मारणार. प्रपंचसारखा पाच मिनिटांचा प्रवेश आम्हीच लिहितोय, विषय मेंटेनन्सचं बिल. सिलोनच्या वेळी आवाज वरखाली करायला एक पोरगा बसवलाय, तो खुश आहे. संस्कृत बातम्यांना तीन मुलं भांडतायत.

निवेदक बाबा. आधी नाही म्हणाले, मग काल रात्री आतल्या खोलीतून आवाज आला, "हे आकाशवाणीचं मुंबई केंद्र आहे." थोडा वेळ गप्प. परत तेच, जरा खालच्या पट्टीत. आई म्हणाली झोपा आता.

मर्फी आमच्या इथल्या एका जुन्या रिपेअरवाल्या काकांकडे नेला. गोणपाट सोडलं तर आत रेडिओच्या लायसन्सचं पोस्टाचं पुस्तक, वर्षाला १५ रुपये भरल्याचे शिक्के, एकही वर्ष चुकलेलं नाही. आजोबांनी विम्याचे हप्ते चुकवलेत पण हे नाही. सिरीज बल्ब लावला, पेटला, आणि मंद झाला. डायल लागला. दोन कंडेन्सर बदलायला सांगितलेत. बाबा पूर्ण वेळ खोक्यावर हात ठेवून उभे होते, गरम होतोय का बघत.

फक्त एक अडचण आहे, बटण फिरतं पण काटा हलत नाही. काका म्हणाले आतला दोरा तुटलाय, त्यांच्याकडे नाहीये. कुठे मिळेल?

व्हॉल्ववाला_ठाणे

डायलचा दोरा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात विचार, जुन्या दुकानात मिळाला तर मिळाला. नाहीतर मासेमारीचा विणलेला दोरा घे, साधा गुळगुळीत नायलॉन नको, तो घसरतो. आणि दोऱ्याच्या टोकाला छोटी स्प्रिंग असेल ती फेकू नका, तीच मिळत नाही. कार्यक्रम कितीला आहे? ठाण्याहून यायला दीड तास धरतो.