शब्दचर्चा : ‘संप्रेरकांमुळे गर्भात आनुवंशिक दोष’ ही शब्दयोजना नेमकी आहे का?

प्रश्न : वंध्यत्वावरील उपचार घेणाऱ्यांसाठी मी एक माहितीपत्रक लिहीत आहे. त्यात ‘संप्रेरकांच्या मोठ्या मात्रेमुळे गर्भात आनुवंशिक दोष निर्माण होतात’ असे वाक्य योजले आहे. जाणकारांनी यातील शब्द तपासून द्यावेत. ॲन्युप्लॉइडीसाठी, म्हणजे पेशीत गुणसूत्रे नेहमीपेक्षा कमी वा जास्त असण्यासाठी, सुबोध मराठी शब्दही हवा आहे.

उत्तर : ‘आनुवंशिक’ हा शब्द प्रथम वगळावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आनुवंशिक म्हणजे वारशाने आलेले. गुणसूत्रांच्या संख्येतील बहुतेक दोष वारशाने येत नाहीत. आईवडील दोघांचीही ४६ गुणसूत्रे व्यवस्थित असतात आणि तरीही स्त्रीबीज पक्व होताना त्यांची वाटणी चुकते. आधीच खचलेल्या जोडप्याने आपल्या वाक्यावरून ‘दोष कोणाच्या घराण्यातला’ याचा शोध सुरू करावा, हे होता कामा नये. ‘गर्भ’ऐवजी ‘भ्रूण’ लिहावे, कारण येथे विषय गर्भाशयात रुजण्यापूर्वीच्या अवस्थेचा आहे. ॲन्युप्लॉइडीला ‘गुणसूत्रांचा संख्यादोष’ म्हटले, तर कोणालाही कळेल. ‘त्रिगुणित’ मात्र येथे वापरू नये. त्रिगुणित भ्रूणात सगळा संचच तिप्पट, म्हणजे ६९ गुणसूत्रे असतात. डाउन सिंड्रोममध्ये सहसा केवळ २१ क्रमांकाचे गुणसूत्र जास्तीचे असते आणि एकूण ४७ भरतात.

खरी अडचण ‘मुळे’ या शब्दयोगी अव्ययात आहे, कारण ते कार्यकारणभाव सिद्ध झाल्याचे सांगते. औषधाविषयीची शंका अवाजवी नाही. स्त्रीबीजाचे अर्धसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रे निम्मी करणारे विभाजन, ती स्त्री स्वतः आईच्या पोटात असतानाच सुरू होते, मग वर्षानुवर्षे थांबून राहते आणि बीजोत्सर्गाच्या सुमारास एलएच संप्रेरकाची लाट आल्यावरच पुढे सरकते. उपचारात तेच काम बहुधा एचसीजी या संप्रेरकाच्या इंजेक्शनाने करतात आणि साधारण ३६ तासांनी स्त्रीबीजे काढून घेतात. त्याआधी दिलेल्या एफएसएच या संप्रेरकामुळे, एरवी त्या महिन्यात सुकून गेली असती अशी पुटकेही (स्त्रीबीज वाढवणाऱ्या बीजकोशातील पिशव्या) वाढतात; यालाच उद्दीपन म्हणतात. तेव्हा औषध आणि गुणसूत्रांची वाटणी एकाच सुमारास येतात, हे खरे. परंतु पुरावा एकमुखी नाही. २००७ साली नेदरलँड्समधून प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सौम्य उद्दीपनाच्या तुलनेत नेहमीच्या, अधिक मात्रेच्या उद्दीपनात सदोष भ्रूणांचे प्रमाण जास्त आढळले. २०१२ साली स्पेनमधील अभ्यासात, तरुण स्त्रीबीजदात्यांमध्ये, मध्यम मात्रेने ते वाढल्याचे दिसले नाही. वयाचा संबंध मात्र निर्विवाद आहे: गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवणारी कोहेसिन ही प्रथिने वर्षांगणिक क्षीण होतात आणि वाटणी चुकण्याची शक्यता वाढते.

‘प्रमाण’ आणि ‘संख्या’ यांचीही गल्लत टाळावी. चार भ्रूणांपैकी दोन सदोष असोत की दहांपैकी पाच, प्रमाण निम्मेच राहते. उद्दीपनाने स्त्रीबीजे जास्त मिळाली म्हणून सदोष भ्रूणांची संख्याही वाढली, तर तेवढ्यावरून औषधाने बिघाड केला असे म्हणता येत नाही. मी वाक्य असे लिहीन : ‘संप्रेरकांच्या मात्रेचा भ्रूणातील गुणसूत्रांच्या संख्यादोषाशी संबंध आहे का, याविषयी अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, स्त्रीचे वय हा मात्र या दोषाशी निश्चितपणे जोडलेला प्रमुख घटक आहे.’

उपप्रश्न : उत्तम खुलासा. भ्रूणाच्या गुणसूत्र-तपासणीच्या अहवालात ‘मोझेक’ असा शेरा येतो. त्याला ‘अंशतः सदोष’ म्हणावे का?

उत्तर : माझ्या मते ‘मोझेक’च ठेवावे आणि पुढे ‘काही पेशींत गुणसूत्रे योग्य संख्येत, काही पेशींत कमीजास्त’ असे स्पष्टीकरण द्यावे. हा प्रकार बहुधा फलनानंतर, पेशींच्या साध्या विभाजनात उद्भवतो. त्यामुळे उद्दीपनाच्या चर्चेत तो सरसकट मिसळू नये. शिवाय तपासणीसाठी घेतलेल्या मोजक्या पेशी वारेचा भाग होणाऱ्या बाह्य थरातल्या असतात, आणि असे भ्रूण रोपण करून निरोगी बाळे जन्मल्याचे इटलीतील डॉक्टरांनी २०१५ साली नोंदवले आहे. ‘सदोष’ हा शब्द वाचून एखादे जोडपे तो भ्रूण विचारातूनच काढून टाकील. तो निर्णय त्यांनी डॉक्टरांशी बोलून घ्यावा, माहितीपत्रकातल्या विशेषणावरून नव्हे.