न्यूलँड्सवर अन्याय झाला, की त्याचा तक्ताच कच्चा होता?

खटपट्या
मुलीची दहावीची उजळणी घेत होतो. मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाच्या धड्यात इंग्रज रसायनशास्त्रज्ञ न्यूलँड्सला काय मिळालं? सा रे ग म आणि लगेच ‘मर्यादा’! या माणसानं १८६५ मध्ये मूलद्रव्यं अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमानं लावली आणि दर आठव्याचे गुण पहिल्याशी जुळतात हे दाखवलं, स्वरांसारखे; हाच त्याचा ‘अष्टकांचा नियम’. आवर्त सारणीचं श्रेय ज्याला मिळतं त्या मेंडेलीव्हच्या चार वर्षं आधी. १ मार्च १८६६ ला लंडनच्या केमिकल सोसायटीत निबंध वाचला, तर प्रा. फॉस्टरनी विचारलं, आद्याक्षरांप्रमाणे लावून पाहिलीत का? निबंध छापलाही नाही. पुढे १८७३ मध्ये ऑडलिंगनी कारण सांगितलं की निव्वळ सैद्धांतिक लेखन आम्ही छापत नाही. हे ऑडलिंग १८६६ मध्ये सोसायटीचे सचिव होते आणि १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचाही एक तक्ता छापला होता. आता बोला.

परीक्षानळी
फॉस्टरचा टोमणा खवचट होता, मान्य. पण तक्ता उघडून बघा हो. लोह ऑक्सिजन-गंधकाच्या ओळीत. कोबाल्ट आणि निकेल एकाच घरात कोंबलेले, तेही फ्लुओरीन-क्लोरीनच्या शेजारी! कॅल्शिअमपर्यंत गाडी रुळावर, पुढे ओढाताण. मी त्या सभेत असते तर मीही हात वर केला असता. प्रश्न मात्र नीट विचारला असता.

खटपट्या
आणि मेंडेलीव्हच्या पहिल्या तक्त्यात सगळं जागच्या जागी होतं?

परीक्षानळी
नव्हतं. पण त्यानं घरं रिकामी सोडली आणि तिथे येणाऱ्यांचे गुणधर्म आधीच लिहून ठेवले. पुढे ती सापडलीही: गॅलिअम १८७५, स्कँडिअम १८७९, जर्मेनिअम १८८६. न्यूलँड्सनं सगळी घरं भरून टाकली. नवीन पाहुणा आला तर बसवायचा कुठे?

जुना_मास्तर
अर्धंच सांगताय, बाई. १८६४ च्या टिपणात त्यानं सिलिकॉन आणि कथिल यांच्यामध्ये ७३ च्या आसपास अणुवस्तुमानाचं मूलद्रव्य असावं असं लिहिलं होतं. जर्मेनिअम निघालं ७२.६. पुढच्या वर्षी अष्टकाच्या नादात ती जागा त्यानंच बुजवली, हे त्याचं दुर्दैव. दुसरं, त्यानं मूलद्रव्यांना चक्क १, २, ३ असे क्रमांक दिले. भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोजलीनं १९१३ मध्ये मूलद्रव्याची जागा वस्तुमानावर नव्हे, क्रमांकावरच ठरते हे दाखवलं, तेव्हा न्यूलँड्सला जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

परीक्षानळी
क्रमांक तर बसच्या सीटलाही असतो. त्यामागे अणुकेंद्रातला प्रभार आहे हे त्याला कुठे माहीत होतं? मोजलीचं श्रेय त्याला देऊ नका.

तानपुरा
रसायन दहावीनंतर सुटलं, पण एक शंका. आपण सप्तक म्हणतो, अष्टक नाही. सात स्वर झाले की तार सा. मग हा ‘अष्टकांचा नियम’ मुलांना उगाच चक्रावतो. निष्क्रिय वायू सापडल्यावर तर सोडिअम लिथिअमपासून नववं झालं ना?

जुना_मास्तर
अगदी बरोबर. पण त्या वायूंपैकी आरगॉन सापडला १८९४ मध्ये. जे कुणालाच माहीत नव्हतं, ते त्यानं मोजलं नाही म्हणून त्याला कसं धरायचं?

खटपट्या
रॉयल सोसायटीनं १८८७ मध्ये त्याला डेव्ही पदक दिलंच की. मेंडेलीव्ह आणि तसाच तक्ता करणारा जर्मन रसायनशास्त्रज्ञ लोथर मायर यांना १८८२ मध्येच मिळालं होतं.

परीक्षानळी
पदक मिळालं ना? मग अन्याय कसला?

खटपट्या
एकवीस वर्षांनी!