भरती अडवणारा दरवाजा चिपळूणला हवा की नको?

गोदाकाठी : इंग्लंडात ब्रिजवॉटर या गावी पॅरेट नदीवर भरती अडवणारा दरवाजा बांधायला तिथल्या सरकारने २०२२ मध्ये मंजुरी दिली. वर-खाली सरकणारी दोन दारं. एरवी ती वर असतात, नदी मोकळी वाहते. समुद्राला मोठं उधाण आलं की खाली उतरवायची. ११ हजारांवर घरं वाचणार म्हणे. आपल्या गोदेला भरती नाही, पण माझी बहीण चिपळूणला दिलीय. २२ जुलै २०२१ ला तिथली वाशिष्ठी नदी बाजारपेठेत घुसली तेव्हा अतिवृष्टीच्या जोडीला भरतीही होती. मग तिथे असं दार का नको? माझं मत : हवंच.

सराफगल्ली : नको. दार लावलं की समुद्र बाहेर राहील, मान्य. आतल्या पाण्याचं काय? घाटाचा पाऊस आणि कोयनेची वीज काढून झाल्यावर कोळकेवाडी धरणातून सुटलेलं पाणी, दोन्ही वाशिष्ठीतच उतरतात. वरून लोंढा चालू आणि खाली दार बंद. म्हणजे गावाचा हौद केला की!

गोदाकाठी : दार भरती भरल्यावर लावतच नाहीत, दादा. लंडनला टेम्सवर ओहोटीलाच लावून घेतात, म्हणजे पात्र रिकामं राहतं आणि वरच्या पुराला जागा मिळते. २०१३-१४ च्या हिवाळ्यात तिथलं दार ५० वेळा लावलं होतं. हौद आहे, पण रिकामा.

सराफगल्ली : टेम्स संथ नदी. तिचा पूर दिवसांत चढतो, वाशिष्ठीचा तासांत. सह्याद्रीचा कडा आणि खाडी यांत अंतर ते किती! तुमचा रिकामा हौद भरती उतरायच्या आत भरून वाहील. मुंबईत हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्हला पावसाचं पाणी समुद्रात फेकायला पंप बसवले ते उगाच नाही. पण पंप नाल्याला पुरतो हो, नदीला नाही.

निवृत्त_पाटबंधारे : दोघांनी पॅरेटचीच गोष्ट अर्धी सोडलीत. २०१३-१४ च्या हिवाळ्यात तिच्या वरच्या अंगाला सॉमरसेटचा सखल भाग कित्येक आठवडे पाण्याखाली होता, तो पावसाने. समुद्राने नव्हे. लोकांनी गाळ काढा म्हणून आरडाओरडा केला आणि २०१४ मध्ये आठेक किलोमीटर गाळ काढला. आता मंजूर झालेलं दार वेगळ्या दुखण्यावर आहे : समुद्राच्या उधाणावर. चिपळूणकरही २०२१ नंतर गाळासाठीच उपोषणाला बसले, दारासाठी नाही. त्यांना आपली नदी कळते. माझं मत नकोच्या बाजूने, पण सराफगल्ली म्हणतात त्या कारणाने नाही. खाडीच्या तोंडाशी दारासाठी खांब उभे केले की तिथे पाणी मंदावणार आणि गाळ बसणार. नदीतला गाळ काढायचा आणि खाडीत साठवायचा, असला उद्योग.

पंचवटीकर : काका, मुद्दा पटला, पण मग आपल्याकडे नाशकात गोदेवर होळकर पुलाखाली जुन्या बंधाऱ्याच्या जागी मेकॅनिकल गेट कशासाठी? पक्क्या बंधाऱ्यामुळे पुराचं पाणी मागे फुगून सराफ बाजारात येतं, म्हणूनच ना? पात्रातला अडथळा हलवता येणारा असावा, एवढंच गोदाकाठी म्हणतायत. मी त्यांच्या बाजूने.

निवृत्त_पाटबंधारे : उलटं आहे ते. इथे पूर आला की गेट उघडायचं, चिपळूणला उधाण आलं की लावायचं. इथलं अडकलं तर जुन्या बंधाऱ्याइतकंच वाईट. तिथलं बंद स्थितीत अडकलं तर? आणि उघडायचा हुकूम कोणाचा? गंगापूर धरणाचा विसर्ग वाढवताना किती फोन फिरतात ते मी नोकरीत पाहिलंय.

सराफगल्ली : 👆 हेच.

गोदाकाठी : हुकूम कोणाचा, हा प्रश्न धरणालाही आहे. म्हणून कोणी धरण पाडत नाही. मी हवंच म्हणतो. तोवर निदान कोळकेवाडीचं पाणी भरतीचं वेळापत्रक बघून सोडा. त्याला तर पैसाही लागत नाही.

सराफगल्ली : लागत नाही कसा? संध्याकाळी विजेची मागणी चढते तेव्हाच नेमकी भरती असली तर कोयना बंद ठेवायची? बहिणीकडे इन्व्हर्टर आहे का, आधी विचारा.