जंगल थीम बर्थडे कमी खर्चात कसा करायचा?

ठाण्यात वन बीएचके आहे, लेक ५ वर्षांची होतेय, १५ मुलं येतील आणि तिला जंगलच हवंय. डेकोरेशनवाले सांगतात ते परवडत नाही, २ हजारात सजावट बसवायची आहे. काय करू?

घोडबंदरकर: बसेल की! हॉलची एकच भिंत सजवा, केकमागची, फोटो तिथेच निघतात. पडद्याच्या रॉडवर जुनी हिरवी साडी चुण्या घालून पिनांनी लावा, वर ब्राऊन पेपर, तो आधी पाण्याचा हात लावून चुरगाळायचा आणि पीळ देऊन वाळवायचा म्हणजे हुबेहूब वेली दिसतात. केळीची पानं जांभळी नाक्याला मिळतील, पण आदल्या दिवशी आणू नका, कडा काळ्या पडतात. थर्माकोलचे प्राणी नकोच, सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पुठ्ठ्याचे लेकीलाच रंगवू द्या, तिला किती आनंद होईल!

ऐरोलीची मावशी: हेलियमचे फुगे घेऊ नकोस गं, साधे रबरी असतील तर १०-१२ तासांत खाली येतात, उगाच पैसे जातात. साधे हिरवे फुगे घरीच फुगव.

प्रश्नकर्ती: थँक्यू दोघांना! आणि रिटर्न गिफ्ट?

ऐरोलीची मावशी: मनीप्लांटच्या फांद्या कापून जॅमच्या रिकाम्या बाटल्यांत पाणी घालून आत्तापासूनच ठेव, फक्त प्रत्येक तुकड्याला एक गाठ हवी, म्हणजे पान फुटतं ती जागा, मूळ तिथूनच फुटतं.