टोमॅटोच्या शिवराक (शाकाहारी) पास्त्याबरोबर कुठली वाइन?

फोंड्याची_सून:
येत्या सोमवारी सहा जण जेवायला येतायत, आणि सोमवार म्हणजे आमच्याकडे शिवराक, त्यात सासूबाईंपुढे काय बोलायची सोय नाही (वाइन मात्र चालते, द्राक्षांचीच ना ती!). पेने करणारेय, टोमॅटोच्या सॉसमध्ये वांगी आणि ढबू मिरची. मागच्या खेपेला भारीतली कॅबर्ने रेड वाइन आणलेली, ती सॉसबरोबर अशी कडू लागली की जिभेवर लोखंडाचा खिळा ठेवल्यासारखं वाटलं. सॉस बिघडलेला का बाटली चुकली?

मिरामारकडे_घर:
बाटली चुकली. टोमॅटो आंबट, आणि वाइन त्याच्याहून कमी आंबट असली की एकदम मिळमिळीत वाटते. वर कॅबर्नेत टॅनिन (द्राक्षाच्या सालीबियांतला तुरटपणा) भरपूर, ते मटणाच्या चरबीबरोबर मऊ होतं, शिवराक ताटात त्याला धरायला काहीच नाही. इटलीवाले रोज टोमॅटो खातात मग त्यांचीच द्राक्षं घे ना, सांजोवेजे किंवा बार्बेरा. कियांती क्लासिको या इटालियन रेडमध्ये तर किमान ८० टक्के सांजोवेजेच असते. इम्पोर्टेड महाग वाटली तर अकलूजच्या फ्रातेल्लीची सांजोवेजे बघ, सोलापूर जिल्ह्यातलीच आहे.

पोदेराची_वाट:
सॉसमध्ये मिरची किती ते सांग आधी! तिखट असेल तर टॅनिन आणि जास्त अल्कोहोल दोन्ही आग वाढवतात, तिथे थंड रोझे, म्हणजे गुलाबी वाइन बरी. आणि रेड 'रूम टेंपरेचर'ला प्यायची म्हणतात ते युरोपातलं, आपल्याकडे मे महिन्यात खोलीतली रेड म्हणजे कढण, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवूनच उघड. गोव्याची पोर्ट मात्र आणू नको, तिचा गोडवा टोमॅटोपुढे चिकट लागतो, ती जेवणानंतर बेबिंका केकबरोबर.

म्हापशाचा_शुक्रवार:
शिवराकच म्हणताय म्हणून सांगतो, काही वाइन गाळताना अंड्याचा पांढरा बलक किंवा माशाच्या फुग्यातलं आयसिंग्लास वापरतात. खरं पार्मेजान चीज पण वासराच्या रेनेटचं (दूध फाडायला त्याच्या पोटातून काढतात ते). व्हीगन लिहिलेली बाटली मिळाली तर प्रश्नच मिटला.

फोंड्याची_सून:
@म्हापशाचा_शुक्रवार हे सासूबाईंना कोण सांगणार, तुम्ही येता का? चीज बदलते गप्प.

फोंड्याची_सून (मंगळवार):
सांजोवेजेच आणली. अर्धा तास म्हणून फ्रिजमध्ये ठेवली आणि विसरले, दोन तासांनी काढली तर बर्फगार, पहिला घोट कडूच, म्हटलं झालं परत तेच. ग्लासात पंधरा-वीस मिनिटं राहिली तेव्हा कुठे आंबटगोड वास यायला लागला, आणि वांग्याच्या घासावर मस्त लागली हो. सासऱ्यांनी मात्र त्यात बर्फाचे दोन खडे टाकले. काय बोलणार.