चर्चा : सेवा क्लबांचे सभासदत्व निमंत्रणापुरतेच राहावे का?

माळरान (मूळ लेखन)

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या सेवा क्लबाचा मी १७ वर्षे सभासद आहे. दर जानेवारीत आम्ही मोतीबिंदूचे शिबिर घेतो. त्यासाठी वाड्यावस्त्यांवरून रुग्ण गोळा करणे, त्यांची साखर आणि रक्तदाब आधी तपासून घेणे, शस्त्रक्रियेनंतर घरोघरी जाऊन डोळ्यांत थेंब घातले जात आहेत ना हे पाहणे, हे सारे काम गेली सहा वर्षे आशा योजनेतील एक गटप्रवर्तक ताई करतात. समारोपाला आम्ही त्यांना व्यासपीठावर बोलावून शाल आणि श्रीफळ देतो. यंदा मी त्यांचे नाव सभासदत्वासाठी सुचवले. कोणीही विरोध केला नाही. एकाने विचारले, “त्यांना वर्गणी परवडेल का?” दुसऱ्याने विचारले, “रात्रीच्या सभेला त्या येणार कशा?” आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. तो अजून तिथेच आहे. हे दोन्ही प्रश्न ज्यांना विचारायला हवे होते, त्या ताईंना कोणीच विचारले नाहीत.

आमची वार्षिक वर्गणी १४,००० रुपये आहे आणि सभा शुक्रवारी रात्री साडेआठला हमरस्त्यावरच्या हॉटेलात जेवणासह होते. ताईंच्या गावाची शेवटची एसटी पावणेआठला सुटते. आमच्या नियमावलीत जात, धर्म किंवा उत्पन्न यांविषयी एक अक्षर नाही, तरीही ५२ सभासदांत बहुतेक सारे डॉक्टर, अडत व्यापारी आणि बांधकाम व्यावसायिक आहेत. स्त्रिया चार असून चौघीही सभासदांच्याच पत्नी आहेत, आणि गावात बागवान व अत्तार मंडळींची जुनी वस्ती असूनही एकही मुस्लिम सभासद नाही.

या प्रकारच्या संस्थांचा इतिहास येथे आठवावासा वाटतो. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस यांनी रोटरीची पहिली बैठक घेतली, तेव्हा वेगवेगळ्या व्यवसायांतील माणसे एकत्र यावीत, हीच मूळ कल्पना होती. स्त्रियांना मात्र नियमानेच प्रवेश नव्हता. कॅलिफोर्नियातील दुआर्ते येथील क्लबाने १९७७ मध्ये तीन स्त्रियांना सभासद करून घेतले, म्हणून त्याची मान्यताच काढून घेण्यात आली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, ४ मे १९८७ रोजी निकाल क्लबाच्या बाजूने लागला आणि १९८९ मध्ये रोटरीने तो नियम जगभर रद्द केला. तिथे नियम लिहिलेला होता, म्हणून तो न्यायालयात नेता आला. आमच्याकडे तो एसटीच्या वेळेत आणि जेवणाच्या बिलात आहे, तेव्हा दाद कोणाकडे मागायची?

माझे म्हणणे असे की, जेवणाचा खर्च वर्गणीतून वेगळा काढावा, महिन्यातील निदान एक सभा रविवारी दुपारी जिल्हा परिषदेच्या शाळेत घ्यावी आणि जुन्या सभासदाने नाव सुचवल्याखेरीज प्रवेश नाही, ही पद्धत बदलून कोणालाही अर्ज करता यावा.

जुना पाट

आपली तळमळ मला समजते, पण निष्कर्ष पटत नाही. मी अशाच एका क्लबाचा दोन वेळा सचिव होतो. शिबिरासाठी लागणारी भिंगे, भूलतज्ज्ञ आणि रुग्णवाहिका यांची व्यवस्था होते, कारण एका डॉक्टर सभासदाच्या फोनवर दुसरा डॉक्टर येतो आणि एका व्यापाऱ्याच्या शब्दावर दुसरा धनादेश देतो. हा विश्वास वर्षानुवर्षे एकत्र जेवल्याने निर्माण झालेला असतो. त्याला आपण केवळ चैन समजू नये. खुल्या अर्जाची पद्धत आम्ही एकदा करून पाहिली. पहिल्या वर्षात आलेल्या अकरा जणांपैकी निवडणुकीचे दिवस संपल्यावर दोघेच उरले, कारण बाकीच्यांना पदाचा उपयोग प्रचारापुरता हवा होता.

शिवाय सहकार्यासाठी सभासदत्व लागतेच असे नाही. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओविरुद्धची मोहीम हाती घेतली. पश्चिम उत्तर प्रदेशात अनेक मुस्लिम कुटुंबे लस घेण्यास नकार देत होती, तेव्हा उलेमांची, म्हणजे मुस्लिम धर्मपंडितांची, समिती स्थापन करून त्यांच्या तोंडून लोकांपर्यंत निरोप पोहोचवला गेला आणि वस्तीतल्याच स्त्रियांनी घरोघरी जाऊन आयांची समजूत काढली. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात सापडला. या स्त्रिया क्लबाच्या सभासद नव्हत्या, तरी काम झाले.

उंबरठा

मी चाकाच्या खुर्चीवर असणारी शिक्षिका आहे आणि एका क्लबाच्या कार्यक्रमांत सहा वेळा ‘प्रेरणादायी पाहुणी’ म्हणून गेले आहे. सहाही वेळा चार माणसांनी मला खुर्चीसह उचलून पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात नेले. त्यांच्या मनात आदर होता, याबद्दल मला शंका नाही. मात्र दर आठवड्याला असे उचलून घेणे कोणाही स्वाभिमानी माणसाला सहन होणार नाही, म्हणून सभासदत्वाचा विचार मी सोडून दिला. सभा तळमजल्यावर घ्यायला एक रुपयाही जास्त लागला नसता.

‘जुना पाट’ यांच्या पोलिओच्या उदाहरणाबद्दल एवढेच सांगते की, तिथे वस्तीतल्या माणसांचे ऐकूनच मोहीम सुधारली. वस्तीतील माणसे आधीच निर्णयाच्या जागी असती, तर ते ऐकणे उशिरा सुचले असते का, याचा विचार त्यांनी करावा.

नदीकाठ

मी अनुसूचित जातीतील आहे आणि एका क्लबात नऊ वर्षे होतो. मला प्रेमाने बोलावले गेले, ‘आपल्याकडे सर्व समाजाचे लोक आहेत’ असे वार्षिक अहवालात छापले गेले, आणि दर १४ एप्रिलला भाषण करण्याची जबाबदारी न विचारता माझ्याकडे येत राहिली. अर्थसमितीत मात्र कधीही घेतले गेले नाही, जरी मी बँकेत ३१ वर्षे कर्जविभाग सांभाळला होता. म्हणून मला ‘माळरान’ यांच्या सूचनेची भीती वाटते. ताईंना सभासद कराल, त्यांचे छायाचित्र घ्याल आणि आरोग्य शिबिराखेरीज दुसऱ्या कोणत्याही विषयावर त्यांचे मत विचारणार नाही. असे होणार असेल, तर शाल आणि श्रीफळ अधिक प्रामाणिक आहे.

जुना पाट

‘नदीकाठ’ यांच्याबाबतीत जे झाले ते चूक होते, आणि अर्थसमितीच्या नेमणुका मीही ओळखीच्याच माणसांतून केल्या, हे मला आज मान्य करावे लागेल. तळमजल्याची सूचना कोणत्याही क्लबाने उद्याच अमलात आणावी. परंतु खुल्या अर्जाला माझा विरोध कायम आहे. एक वर्ष शिबिरांत प्रत्यक्ष काम केलेल्या माणसालाच सभासद करावे आणि त्याला शिफारशीची गरज नसावी, अशी अट ठेवल्यास मी विचार करू शकेन.

माळरान

ही अट मला मान्य आहे. ताईंनी तर सहा वर्षे काम केले आहे.

काल मी त्यांच्या गावी जाऊन ते दोन प्रश्न विचारले. वर्गणी हप्त्याने देता येईल, रविवारची दुपार चालेल, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी मलाच विचारले, “सभासद केलेत, तर शिबिराची तारीख ठरवताना माझे ऐकाल का?” जानेवारीत आमच्या तालुक्यातली निम्मी घरे ऊसतोडीला गेलेली असतात. घरी म्हातारी माणसे आणि लहान नातवंडे राहतात. शस्त्रक्रियेनंतर सांभाळायला कोणी नाही, म्हणून किती तरी म्हातारे तपासणीला येऊनही शस्त्रक्रियेला नकार देतात. आम्ही त्याला अडाणीपणा समजत आलो. शिबिर गुढीपाडव्यानंतर, तोडकरी परतल्यावर घ्यावे, असे ताईंचे म्हणणे आहे.

हे सांगायला सभासदत्व कशाला हवे, असे ‘जुना पाट’ विचारतील. सहा समारोपांत मी स्वतः त्यांच्या शेजारी बसलो होतो आणि तारखेबद्दल त्यांना एकदाही विचारले नव्हते.